भरल्या पोत्याचा शेवट

तो व्हिडिओ गेम संपवून ऑरेस्टच्या पदरात फार काही पडणार नव्हतं, पण जे पडणार होतं ते त्याच्या लेखी मोलाचं होतं. ‘दाजींनी हातात घेतलेलं कधी तडीला जात नाही’ हे मेव्हण्याचं, वॅसिलचं, पालुपद कायमचं बंद झालं असतं. शिवाय नाडिया, म्हणजे त्याची बायको, चर्चच्या गावजेवणात गुंतली होती तोवरच हे उरकलं असतं, तर तिच्या लक्षात यायच्या आत तो पुन्हा कामाचा माणूस झाला असता.

शरदातलं ते जेवण म्हणजे मॅनिटोबातल्या त्या गावाची वर्षभराची अब्रू. नाडियानं उभा जन्म त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात घालवला होता; यंदा पहिल्यांदाच पळी तिच्या हाती आली होती. जेवण फसलं असतं तर ती पुन्हा बटाट्यांवर गेली असती. आणि सगळी मदार होती ऑरेस्टच्या तळघरातल्या फ्रीझरवर. त्यात गेल्या साली मारलेलं अख्खं मूस, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर, पुडकी बांधून ठेवलं होतं. नाडियानं ईस्टरला मागितलं, ऑरेस्ट म्हणाला, “पुढे लागेल.” लग्नाच्या वाढदिवसाला मागितलं, तरी “पुढे लागेल.” गावजेवणासाठी मागितल्यावर मात्र “बघू” म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठा होकार कुणी ऐकला नव्हता.

माणूस वाईट नव्हता. धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला, दाणा इकडचा तिकडे न होऊ देणारा. निवृत्तीनंतर वॅसिलनंच त्याला तो व्हिडिओ गेम आणून दिला. तळघरात भिंतीला सॉकेट एकच. त्यात कसलीशी वायर होती ती उपसून ऑरेस्टनं खेळाची खुपसली आणि खुर्चीत बूड टेकलं ते टेकलंच.

खेळातला वाटसरू पाठीवर पोतं घेऊन बर्फाचे डोंगर तुडवत आपल्या गावी निघालेला असतो. वाटेत होडीवाली भाकरी मागते, जखमी शिपाई औषध मागतो, मेंढपाळीण घोंगडी मागते. ऑरेस्टनं कुणाला काही दिलं नाही. शेवटी कुणी तरी महाराक्षस येणार, तेव्हा हेच कामी येईल, असा त्याचा हिशेब. मधूनमधून नाडिया टोपल्या घेऊन खाली यायची, बाजूला काही खुडबुड करायची. टीव्हीवरची नजर न हलवता तो तिच्या वाटेतले पाय तेवढे वर घ्यायचा.

आणि मग शेवट आला. राक्षस आलाच नाही. वेस उघडली, तर गाव ओस. चुली थंड, दारं वाऱ्यावर आपटताहेत. वाटसरू चौकात भरलेल्या पोत्यावर बसला, पडदा काळा झाला. संपलं.

“हा काय शेवट झाला?” ऑरेस्ट टीव्हीवर ओरडला. “एवढं सांभाळून आणलं ते कुणाच्या घशात घालू?”

त्यानं इंटरनेटवर खेळाचा जाहीर पंचनामा केला. एवढ्यावर भागेना, म्हणून खेळाची तबकडी वॅसिलच्या अंगावर नेऊन टाकली. “घे! जन्माचं वाटोळं करायचं असेल तर खेळ!”

पंचनाम्याला हॅलिफॅक्सच्या कुणा बाईचं उत्तर आलं: “काका, पोत्यात किती उरलं होतं? होडीवालीला भाकरी दिली होतीत का? तिचीच भाकरी पुढे गावात पोचते.”

ऑरेस्टनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेवट खेळानं लिहिलाच नव्हता. त्यानंच लिहिला होता, एकेक ‘पुढे लागेल’ जोडत.

तो तबकडी परत मागायला गेला, तर वॅसिल सोफ्यावर लोळत होता. खेळ संपवून बसला होता.

“इतक्यात?”

“त्यात काय, दाजी? ज्यानं मागितलं त्याला दिलं. पोतं हलकं, पाय उचलतात भराभर.”

“मग शेवटी काय झालं?”

“गावात पंगत बसलेली असते. आपल्याला कोपऱ्यात जागा देतात आणि कुणी तरी वाडगा पुढे सरकवतं. झालं.”

“एवढंच?”

“तुम्हाला काय पाहिजे होतं, पोत्याची पावती?”

ऑरेस्ट तिथून निघाला तो तडक चर्चच्या सभागृहात. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यानं छाती पुढे काढली. “बायांनो, अख्खं मूस तुमचं! एक पुडकं मागे ठेवणार नाही!”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. म्हातारी स्टेफानिया डोळे पुसत म्हणाली, “पुन्हा? किती रे बाबा तुझं मन मोठं!”

नाडिया कोबीची पानं उकडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “घरी जा आणि फ्रीझर उघड.”

तळघरात पाऊल टाकताच त्याला जमिनीवर पडलेली वायर दिसली. तीच, त्यानं उपसलेली. ती फ्रीझरची होती. अख्खं मूस! नाडियाची पळी! गावाची पंगत! आता नाडिया जन्मभर बटाटे सोलणार आणि आपण जन्मभर तिची पाठ बघणार. नाक दाबून, डोळे मिटून त्यानं झाकण उघडलं. वास आलाच नाही. फ्रीझर रिकामा, स्वच्छ पुसलेला, त्यात वास मारायला ठेवलेली खाण्याच्या सोड्याची वाटी.

“वितळायला लागलं होतं,” मागून नाडिया म्हणाली. ती त्याच्या पाठोपाठच आली होती. “तुला हाका मारल्या. ‘थांब, डोंगर चढतोय’ म्हणालास. वितळलेलं पुन्हा गोठवतात होय? शिजवलं आणि गावभर वाटलं, तुझं नाव सांगून.”

“माझ्यासमोर?”

“पाय वर घेतलेस की तू.”

“आणि जेवणाचं काय?”

“ज्यांनी मूस खाल्लं, ते घरटी एक टर्की आणून देताहेत. भट्ट्या कमी पडताहेत तिकडे.”

ऑरेस्ट फ्रीझरच्या कडेला टेकला. “मला एक तुकडा तरी ठेवायचास!”

“ताट खुर्चीच्या हातावर ठेवलं होतं. ‘असू दे, पुढे खाईन’ म्हणालास. वॅसिलनं खाल्लं.”

पंगतीला पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो ऑरेस्टची पाठ थोपटत होता, आणि दर थापेसरशी तो आणखी खचत होता. चव न घेतलेल्या मुसाची तारीफ ऐकायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. बसायला जागा मिळाली ती कोपऱ्यात. वॅसिलनं कोबीच्या पानांत सारण भरून केलेल्या वळकट्यांचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. “घ्या दाजी, एकच उरलीय.”

ऑरेस्टनं ती उचलली आणि सवयीनं कागदी रुमालात गुंडाळायला घेतली. मग त्याची नजर वाढपाच्या खिडकीकडे गेली. हातात पळी घेऊन नाडिया तिथून त्याच्याचकडे बघत होती. त्यानं वळकटी अख्खीच्या अख्खी तोंडात कोंबली.

एकंदर हिशेब असा झाला: नाडियाला पुढच्या सालचीही पळी मिळाली, वॅसिलला खेळ मिळाला आणि वर ताटही. ऑरेस्टला मिळालं न कमावलेलं नाव. या सगळ्याचं मोल मोजलं ते एकट्या मुसानं, आणि त्याला मात्र पुन्हा पहिल्यापासून खेळून दुसरा शेवट बघायची सोय नव्हती.