पहले वजन सांग

मेश्रामकाकांच्या हातात मिठाईचा डबा ठेवला तर ते आधी तो तळहातावर तोलतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "साडेपाचशे ग्राम. पुठ्ठ्यासकट." मग थोड्या वेळानं आठवलं तर, कशाबद्दल मिठाई, हे विचारतात.

आम्ही सेक्टर दहामध्ये राहायला आलो तेव्हा कपाट ट्रकमधून उतरवायला मी शेजारी म्हणून यांनाच हाक मारली. कपाटाभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी विचारलं, "पोरी, पहले वजन सांग. मंग उचलू."

"असेल साधारण..."

"साधारण म्हनशीन तं मानूस मरते."

कपाट संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभं होतं. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

नंतर कळलं की काकांनी चौतीस वर्षं स्टील प्लान्टमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवली होती. उंचावर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, खाली माणसं मुंग्यांएवढी, आवाज कुणाचाच पोचत नाही. खालचा सिग्नलवाला हातानं जे सांगेल ते मानायचं, आणि वजन कळल्याशिवाय हुक हलवायचा नाही. रिटायर झाल्यावर काका खाली उतरले, पण सवयी वरच राहिल्या. घरातही हातांचंच राज्य. स्वयंपाकघरातून शांताकाकू तर्जनी आकाशाकडे करून गोल फिरवायच्या, म्हणजे उठा, पानं घेतली. तर्जनी जमिनीकडे करून फिरवली की आवाज खाली घ्या. आणि पालथा पंजा आडवा झटकला की थांबा, पुष्कळ झालं. हा तिसरा सिग्नल काकूंना दिवसातून दहा वेळा तरी द्यावा लागे. काका बोलत असले तरी अर्ध्या वाक्यावर थांबत. "सिग्नल भेटला का ऑपरेटरनं मानाचा. कावून म्हून इचाराचं नाई."

मग काकू आजारी पडल्या. आजाराचं नाव आम्ही शेजारीपाजारी घेत नसू. त्यांना बसवेनासं झालं आणि आवाजही गेल्यासारखाच झाला. तेव्हा काकांना आठवण झाली की लग्नाच्या वर्षी आपण हिला चित्रकोटचा धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं आणि दर वर्षी ड्युटी आडवी आली होती. बसायचं जमत नाही, वाटेत संडास लागतो, हॉटेलच्या पायऱ्या चढवत नाहीत. काकांनी एकच तोड काढली. मोटरहोम घ्यायचं. ते त्याला 'चालता क्वाटर' म्हणत.

दुर्गच्या बाजूला एक फॅब्रिकेटर जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा आणि संडास बसवून देतो. सुट्टी बघून काका मलाही तिकडे घेऊन गेले. त्याच्याकडे एक गाडी तयार उभी होती, इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं. दुसरी दीडशेची. तिचा नुसता सांगाडा होता.

"इसको तीन महीना लगेगा, चाचा. छोटी वाली कल ले जाओ."

काकांनी खिशातून कागद काढला. त्यावर सगळा लोड लिहिलेला होता. पाण्याची टाकी, भरलेली. गादी. गॅस. कुकर. औषधांची पेटी. स्वतःच्या चपलासुद्धा. चित्रकोटला जाताना जगदलपूरच्या रस्त्यावर केशकालचा घाट लागतो, त्या चढणीचा हिशोब करून शंभरच्या इंजिनाला किती लोड द्यायचा याची त्यांनी खाली तांबडी रेघ मारली होती. बेरीज रेघेच्या पंधरा किलो वर जात होती.

"पंद्रह किलो से इंजन नहीं मरता, चाचा," फॅब्रिकेटर हसत म्हणाला.

"रेघेच्या वर म्हंजे वर."

"मग कुकर काढा ना," मी म्हटलं. "पाणी वाटेत भरा."

"तिले कुकरचाच मऊ भात जाते. अन् वाटेतलं पानी तिले चालन काय?"

मी कागद हातात घेतला. 'शांता – ६२ किलो.'

मी तो आकडा पाहिला आणि मान वर करायचा धीर मला झाला नाही. कारण रविवारीच काकांनी काकूंना उचलून घेतलं होतं, तसेच काट्यावर उभे राहिले होते, आणि खाली दिसत नाही म्हणून मला वाचायला सांगितलं होतं. एकशे आठ, मी मोठ्यानं वाचलं होतं. एकट्या काकांचं वजन सत्तर. वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येईल. काका तेव्हा एवढंच म्हणाले होते, "काटा खराब हाय." त्याच काट्यावर माझ्या मुलीचं वजन मात्र बरोबर आलं होतं.

"मोठं इंजिनच घेऊ," काका म्हणाले. "थांबू तीन मयने. तवरोक ती बी भरन जराशी."

तीन महिने! डॉक्टरांनी दोन सांगितले होते, ते माझ्यासमोरच. मला रडूही येत होतं आणि या माणसाचा संतापही येत होता. ज्यानं माझं कपाट दिवसभर रस्त्यावर ठेवलं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं वजन लिहिलं होतं, आणि तेही नेमकं आत्ता.

घरी आल्यावर काका पलंगाशेजारी बसून काकूंना कागद वाचून दाखवू लागले. "शांता, आपल्याले मोठं इंजिन पायजे. घाटात दम खाईन नाई तं. टाकी इतकी, गादी इतकी... अन् तू बासष्ट."

काकूंनी पांघरुणातून हात काढला. तर्जनी जमिनीकडे केली आणि हळूहळू गोल फिरवू लागल्या.

काकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बोट फिरतच राहिलं.

"काय झालं? आवाज कमी करू?"

काकूंनी दुसऱ्या हातानं कागदावर टिचकी मारली. बोट पुन्हा फिरू लागलं. खाली घ्या.

काका माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीकडे बघितलं. मग त्यांनी पेन घेतलं, बासष्ट खोडलं आणि पंचावन्न लिहिलं. बोट थांबलं नाही. अठ्ठेचाळीस. बोट फिरतंच. चव्वेचाळीस. त्यांनी चाळीस लिहिलं, आणि शेवटी, फार वेळानं, अडतीस.

काकूंनी पालथा पंजा आडवा झटकला. थांबा.

बेरीज रेघेच्या नऊ किलो खाली आली. दुसऱ्या दिवशी काका लहान गाडी घेऊन आले. काकूंना उचलताना त्यांनी आधी पलंगापासून हातभर वर घेऊन धरलं, क्षणभर थांबले, आणि मगच बाहेर नेलं. क्रेनवर ब्रेक तपासायला असंच करतात, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

सहा दिवसांनी गाडी परत आली. मी धावत आत शिरले. काकू पलंगावर आडव्या होत्या, डोळे खोल गेलेले. तोंडाशी कान नेला तेव्हा म्हणाल्या, "तोंडावर पानी उडालं." आणि हसल्या.

बाहेर काका पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांना जरा चिडवावं म्हणून मी म्हटलं, "काय काका, घाटात दमलं ना तुमचं लहान इंजिन?"

"नाई ना, पोरी. तिसऱ्या गेअरात चढली. एकदा बी दम नाई खाल्ला."

"मग चांगलंच झालं की."

काका टायर अंगठ्यानं दाबत राहिले.

"काय चांगलं?" ते म्हणाले. "लोडच नोता."