किमान कीर्तीची अट

धारवाल्याच्या दुकानावर एकच पाटी होती : ‘चाकू-कात्र्यांना धार लावून मिळेल’. सव्वीस वर्षांत त्या पाटीबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. अशी परिस्थिती कोणत्याही कार्यालयाला फार काळ पाहवत नाही. एका मंगळवारी सकाळी बगलेत फाइल मारून विशेषण निरीक्षक दुकानासमोर उभे राहिले, त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि मान हलवली.

“विशेषण कुठाय?”

“कसलं विशेषण, साहेब?”

“डावीकडचा न्हावी ‘सुप्रसिद्ध’ आहे. उजवीकडचा चष्मेवाला ‘जगविख्यात’. समोरचा पंक्चरवाला परवाच ‘ख्यातनाम’ झाला. मध्ये तुम्ही नुसतेच! रस्ता कसा दिसतो?”

रस्त्याला काही वाटत असल्याचं धारवाल्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. निरीक्षकांनी मग नियम वाचून दाखवला. सर्वच व्यावसायिक थोर झाल्यामुळे, जो थोर नाही तो काहीतरी दडवतो आहे असा ग्राहकाचा ग्रह होऊ शकतो. सबब प्रत्येक दुकानाने किमान एक कीर्तिवाचक शब्द धारण करावा. मुदत तीस दिवस. नंतर दुकानाला सील.

धारवाल्याला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. बोथट पातं हातात आलं, चाक फिरू लागलं, ठिणग्या उडाल्या आणि शेवटी अंगठ्याला ती बारीक खरखर लागली, की त्याचा दिवस सोन्याचा व्हायचा.

“घेऊन टाका ना एखादं,” बायको म्हणाली. “पंक्चरवाल्याला मिळतं आणि तुम्हाला मिळत नाही? त्याच्या पंक्चरमधून अजून हवा जाते.”

कार्यालयात खिडकीमागे एक बाई होत्या. धारवाल्याने अदबीनं विचारलं, “सगळ्यात लहान कुठलं आहे? ‘परिचित’ वगैरे?”

“‘परिचित’ बंद झालं. कुणी मागतच नव्हतं. ‘नामवंत’चाही साठा काढून टाकला. आता ‘सुप्रसिद्ध’पासून सुरुवात. पन्नास सह्या आणा.”

धारवाला दोन दिवसांत पन्नास गिऱ्हाइकांच्या सह्या घेऊन आला. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“हे सगळे तुमच्याकडे येऊन गेलेत?”

“हो तर! म्हणूनच मला ओळखतात.”

“मग चालणार नाही. ज्यानं तुमचं काम पाहिलंय, त्याचं मत दूषित झालेलं असतं. ओळखणाऱ्यानं ओळखलं, तर ती नुसती ओळख हो काका. ज्यानं तुम्हाला पाहिलं नाही, ज्याचं तुमच्यावाचून काही अडलं नाही, तो छातीठोकपणे तुमचं नाव घेतो ना, ती प्रसिद्धी. नियम सात.”

दुसऱ्या दिवशी धारवाला दुकान बंद ठेवून चौकात कागद घेऊन उभा राहिला. अनोळखी लोक कशाला सही करतील, या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण लोक थांबायच्या आधीच खिशातून पेन काढत होते. “कोण हे?” एकानं विचारलं. त्याचा सोबती म्हणाला, “अरे, धारवाले! असं काय करतोस?” “हां हां, ते होय! फार मोठा माणूस.” एका गृहस्थांनी धारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच सांगितलं, “धारवाले गेले आणि एक युग संपलं. माझे वडील त्यांचे अगदी जवळचे.” आणि डोळे पुसून त्यांनी तीन ठिकाणी सही केली.

संध्याकाळपर्यंत अकराशे सह्या झाल्या. कार्यालयानं त्या मोजल्या आणि धारवाल्याला ‘दिगंत कीर्तीचे’ हा सर्वोच्च शब्द मंजूर केला.

“एवढा मोठा नको हो ताई. खालचा द्या.”

“पात्रतेपेक्षा खालचा शब्द घेणं म्हणजे विनय. त्याची परवानगी वेगळ्या खात्यातून मिळते आणि ते खातं बंद आहे.”

नवी पाटी लागली. पहिल्याच सकाळी शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या, गेल्या वीस वर्षांसारख्याच, कात्री फडक्यात गुंडाळून. त्यांनी पाटी वाचली आणि कात्री पिशवीत परत ठेवली.

“ताई, द्या ना इकडे.”

“छे, छे! तुम्हाला आता कसं सांगायचं? लोक म्हणतील, हिला काही पाचपोच?”

“अहो, मी तोच आहे!”

“तेच म्हणते मी. आम्हाला कळलंच नाही इतकी वर्षं.” त्यांनी वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या.

त्यानंतर माणसं पुष्कळ आली. चाकाशेजारी उभं राहून फोटो काढून गेली. चाकू मात्र एकानंही आणला नाही. पंधरा दिवस चाक फिरलं नाही. सील टळलं होतं, दुकान उघडं होतं, आणि धारवाला रिकाम्या हातांकडे बघत बसलेला असे. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

अखेर त्याचा जाहीर सत्कार ठरला. सभागृह खचाखच भरलं. त्याच्या नावाच्या दालनाची फीत कापायला प्रमुख पाहुण्यांनी कात्री उचलली. फीत दुमडली, कापली गेली नाही. दुसरी कात्री आली. तिनं फीत चावली. तिसरीचीही तीच गत. धारवाल्याच्या बोटांना कित्येक दिवसांनी जीव आला. तो खुर्चीतून उठला. “आणा इकडे. दोन मिनिटांचं काम आहे.”

संयोजकांनी त्याला दोन्ही खांदे धरून खाली बसवलं. “आपण बसायचं. हे काय आपलं काम आहे?”

पाहुण्यांनी फीत दातांनी तोडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांत तुमच्याही होत्या. अकराशे सह्यांत एक तुमची आहे. नाही म्हणू नका, तुम्ही वाचून सही कधी केली होती? आता घरातली कात्री काढून बघा. कापण्याऐवजी चावते ना? धार लावायला हवी, हे तुम्हालाही कळतं. पण न्यायची कुणाकडे? गावात एकच माणूस होता, आणि त्याला तर तुम्ही मोठं करून बसलात.