माझ्या सोयीचा कॉम्प्युटर

"मॅडम, घरचा अख्खा कॉम्प्युटर पुसून त्यात लिनक्स टाकलं, तर आईवडील घराबाहेर काढतात का?"

हा प्रश्न भर वर्गात विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. मी विचारला. कॉम्प्युटरच्या मॅडमनी मानही वर केली नाही. "आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवली असेल तर जेवायला घालतात," म्हणाल्या.

म्हणजे परवानगीच झाली की!

आमचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माणसाची आंघोळ उरकायची. मी सगळ्याची कॉपी काढली, जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकलं आणि तो असा पळायला लागला की बाबा दोनदा येऊन बघून गेले. आईने एकच अट घातली. "शनिवारी माझी मुलाखत आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलंय. व्हिडिओ कॉल लागला पाहिजे. बाकी काय वाटेल ते कर."

बाकी काय वाटेल ते कर! हे वाक्य माझ्यासारख्या मुलीला म्हणतात का कुणी?

पडद्याच्या खालची पट्टी मी डावीकडे उभी केली. सगळं जांभळं केलं. माउसचा बाण एवढा मोठा केला की बाबा म्हणाले, "हा डोळ्यात जाईल." आणि सगळ्यात भारी म्हणजे क्लिक करायची कटकटच काढून टाकली. बाण ज्या खिडकीवर असेल, तिच्यात टाइप होणार. बोटांना केवढा आराम!

शनिवारी मी आईला सगळं मांडून दिलं. उजवीकडे कॉल आणि त्याची लिहायची जागा, डावीकडे बाबांशी गप्पांची खिडकी, म्हणजे काही लागलं तर ओरडायला नको. "आणि कॅमेऱ्यात बघायचं, पडद्यावर नाही," असं बजावून मी टेबलाशेजारी जमिनीवर बसले, वायर सांभाळत.

घरगुती यंत्रं बनवणारी कंपनी होती, आणि काम होतं यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहायचं. समोर एक चष्मेवाले काका आणि एक बाई. त्यांनी आईला मिक्सरची पुस्तिका दाखवली आणि यात काय सुधाराल, असं विचारलं.

नेमका तेव्हाच बाबांनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला.

आईने डावीकडच्या खिडकीत क्लिक केलं आणि माउस उजवीकडे सारून दिला. हात मोकळे झाले की ती माउस असाच ढकलते, जेवण झाल्यावर ताट सारावं तसा. मग कीबोर्डकडे बघत भराभर टाइप केलं आणि पुन्हा कॅमेऱ्यात बघून हसली.

काका गोंधळले. "आमच्याकडे कुठलाच मिक्सर चालू नाहीये."

"नाही, आमच्याकडे आहे," आई म्हणाली आणि पुन्हा टाइप करू लागली.

काकांनी वाचलं, मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाले, "घातलाय ना. हा काय."

मी उठून पडद्यावर नजर टाकली. कॉलच्या लिहायच्या जागेत आईचे निरोप ओळीने बसले होते. 'अहो, मिक्सर बंद करा.' 'आणि शर्ट घाला आधी, मागून दिसताय.' मी तिची बाही ओढेपर्यंत तिसराही गेला. 'पुस्तिका भयंकर आहे. कुणी लिहिली देव जाणे.'

"मी," काका म्हणाले.

मिक्सर थांबला. आईचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. तिची इतक्या वर्षांनंतरची मुलाखत, आणि मी ती जांभळी करून बुडवली होती.

मी कॅमेऱ्यासमोर डोकं घातलं. "काका, हे निरोप बाबांना होते. चूक माझी आहे. बाण असेल तिथे टाइप होतं, असं मी करून ठेवलंय."

"असं का बरं?" बाईंनी विचारलं.

"सोय म्हणून."

"कुणाची?"

मी आईकडे पाहिलं. तिचा हात अजूनही माउस सारतच होता. "माझी," मी म्हटलं.

आई खाकरली. मग मी कधीच न ऐकलेल्या आवाजात, म्हणजे ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "पुस्तिकेचंही हेच झालंय. लिहिणाऱ्याच्या सोयीने लिहिलीये. झाकण कसं लावायचं ते शेवटच्या पानावर आहे. तोवर माझी भिंत रंगलेली असते."

बाई एवढ्या हसल्या की त्यांचा कॅमेरा हलला. काका हसले नाहीत. त्यांनी शेवटचं पान उघडून पाहिलं, आणि मग पुष्कळ वेळ पाहतच राहिले.

संध्याकाळी फोन आला. आईला काम मिळालं! वर काकांचा निरोपही होता, की पुढचे शेरे तोंडी द्यावेत.

मी लगेच आई-बाबांना समोर बसवलं. "मी ठरवलंय," मी म्हटलं. "आईचा कॉम्प्युटर तिला हवा तसा करून देणार आणि पुन्हा त्याला हात लावणार नाही."

दोघांनी सुटकेचा श्वास सोडला.

"आता बाबांचा लॅपटॉप. पण या वेळी आधी विचारून. बाबा, तुम्ही माउस कुठे सारता?"

बाबांनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर बसले.

"काही घाई नाही," मी म्हटलं. "जेवायला उठालच."