एक नट सोडून

फाल्गुन शुद्ध दशमी, शुक्रवार. चिंचा फोडायला बसले होते. घरची हातोडी यांनी कापसाच्या जिनात नेलेली, म्हणून भिंतीवरून हाक मारून शेजारच्या अंबादासभावजींकडे मागितली. मी मागितली एक, त्यांनी दिल्या तीन. म्हटलं, तीन कशाला? तर म्हणाले, असू द्या, लागतील.

लागल्या. पहिलीचा दांडा दुसऱ्याच चिंचेला चिरला. दुसरीचं डोकं उडालं ते थेट पाण्याच्या रांजणावर जाऊन बसलं आणि अंगणभर पाणी झालं. आवाज ऐकून भिंतीवर भावजींचं तोंड उगवलं. एखादा विचारेल, लागलं का, काय फुटलं. भावजींनी विचारलं, "लाल दांड्याची होती का?"

मी म्हटलं, होती.

"तिचं तसंच आहे वहिनी. तिला हळू मारावं लागतं."

पन्नाशीला आले मी, पण हातोडी हळू मारायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी तशीच परत दिली आणि वरवंटा घेतला. भावजी वाईट वाटून म्हणाले, "आपल्याला काय रोज चिंचा फोडायच्यात? फिलहाल काम भागलं असतं."

हा 'फिलहाल' त्यांनी कचेरीतून आणलेला. भावजी निजाम सरकारच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि संध्याकाळी त्यातले चार शब्द घरी घेऊन यायचे. बाकीचे शब्द दारात गळायचे, फिलहाल तेवढा आत यायचा. फिलहाल म्हणजे तूर्तास, पण भावजींचं तूर्तास वर्षानुवर्षं चालतं. छत्रीत काडीऐवजी सायकलची तार. दाराचं कुलूप असं, की चमच्याच्या दांड्यानंही उघडतं. चष्म्याची एक काडी मोडली तिथं सुतळी बांधलेली; कानामागून फिरून तिची बटणाच्या काजात गाठ. आणि त्या सुतळीचं त्यांना कौतुक. म्हणायचे, काडी मोडली पण सुतळी बघा, हलली नाही.

आमचे हे कापसाच्या जिनात इंजिनावर मिस्त्री आहेत, त्यामुळे हत्यारांतलं मला थोडं कळतं. माझं मत सरळ आहे. झाडू, सुतळी, चिमटा हे स्वस्त घ्यावं. ज्याच्यावर अंगाचा भार टाकायचा आणि जे निसटलं तर हात फुटतो, ते महाग घ्यावं, आणि एकच घ्यावं. हे मी भावजींना किती वेळा सांगितलं असेल. ते मान डोलवायचे आणि गुरुवारी पुन्हा बाजारात जायचे.

गुरुवारी छावणीचा बाजार. तिथं करीमचाचा गोणपाट पसरून बसायचे. गोणपाटावर पलटणीतून निघालेलं जुनं सामान, आणि दुसऱ्या बाजूला ढिगानं जपानी माल: पाने, पकडी, कानशी, पेचकस. दिसायला चकचकीत आणि वजनाला बिस्किटासारखा. एकदा मी बरोबर होते. भावजींना लांबून येताना बघूनच करीमचाचांनी गोणपाटाखालून एक काळा, जड पाना काढून ठेवला.

"ये लेव साब. पलटन का है. उमरभर की चीज."

"उमरभर नको चाचा," भावजी म्हणाले, "फिलहालचा दाखवा."

करीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, सब गाहक मेरे से अच्छा माल मांगते. खराब मांगनेवाला ये एकच है."

भावजींनी ढिगातला एक जपानी पाना उचलून नखानं वाजवून पाहिला, जसं काही मडकं घेतायत, आणि समाधानानं खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, कचेरीला जुम्म्याची सुट्टी. दुपारपर्यंत त्या पान्याचा जबडा जांभई दिल्यासारखा उघडला. भावजींनी तो छपरातल्या खिळ्याला अडकवला. तिथं आधीचे बरेच जांभया देत लटकलेले होते.

ही सगळी खरेदी मोटारीसाठी, आणि मोटार द्वारकासाठी.

द्वारका त्यांची बायको. माहेर देवगाव रंगारीचं. मूलबाळ नाही, पण हसरी बाई. आमच्या दोघींच्या मधली भिंत तिनंच वरचे दोन थर काढून बोलण्याइतकी बुटकी केली. दोन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला म्हणून ती आणि भावजी बैलगाडीनं निघाले. गाडीचं चाक जागेवर धरून ठेवणारी लोखंडी खीळ भावजींनी आदल्याच गुरुवारी आणलेली. घाट चढून झाला. पुढं वेरूळ दिसायला लागलं, आणि चाक गाडीच्या आधी वेरूळला गेलं. द्वारका, तिची ट्रंक आणि लग्नासाठीचे लाडू रस्त्यावर. भावजी दगड शोधायला लागले. द्वारका पदर झटकून वेरूळपर्यंत चालत गेली आणि तिथून कुणाच्या तरी गाडीनं पुढं निघून गेली.

लग्न झालं, ती परत आली नाही. भावजी आणायला गेले तर दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, बैलगाडीत मी आता बसायची नाही, न्यायचं तर मोटार घेऊन या.

आता हे रागातलं बोलणं. अख्ख्या देवगावात मोटार नाही, ती अहलकाराच्या घरी कुठून येणार? अशा वेळी नवऱ्यानं महिनाभर थांबावं, एखादं लुगडं घेऊन पुन्हा जावं आणि बायकोनं डोळे पुसत गाडीत बसावं, अशी आपल्याकडची रीत. भावजी तिथून परत आले आणि मोटार शोधायला लागले.

मिळालीही. एका जागीरदाराच्या घरचं सामान लिलावात निघालं, त्यात एक बंद पडलेली मोटार होती. भावजींनी ती घेतली आणि बैल जुंपून घरी आणली. अख्खी गल्ली बघायला उभी. बैलांमागून मोटार, मोटारीत चाकावर हात ठेवून, सुतळीचा चष्मा लावून अंबादासभावजी. टांग्याच्या रिकाम्या छपरात ती उभी केली आणि त्या दिवसापासून दर शुक्रवारी तिथून ठोकाठोक. यांनी दोनदा सांगितलं, मी येतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. भावजी म्हणाले, नको दादा, हे माझ्याच हातानं झालं पाहिजे. आणि खरंच, तसल्या हत्यारांनीही त्यांनी ते इंजिन चालू केलं. छावणीच्या मैदानावर त्या जागीरदाराच्याच जुन्या ड्रायव्हरकडून, त्याच्या नव्या मालकाच्या मोटारीवर, चालवायला शिकले. गेल्या दसऱ्यापर्यंत सगळी मोटार तयार झाली, एक नट सोडून.

मागचं डावं चाक मोडकं होतं. दुसरं चाक आणून भिंतीला टेकवून ठेवलेलं. जुन्या चाकाचे बाकी सगळे नट निघाले, एक निघेना. भेटेल त्याला भावजी सांगायचे, एवढा नट निघाला की निघालोच देवगावला. पाना टिकत नाही म्हणून अडलंय. गल्लीतली पोरं त्यांना विचारायची, काका, नट निघाला का? भावजी रागवायचे नाहीत. म्हणायचे, फिलहाल नाही.

तर त्या चिंचांच्या दिवशी दुपारी हे जेवायला आले ते बातमी घेऊनच. द्वारकाचा भाऊ जिनात कापूस घेऊन आला होता. त्याला खानदेशात गिरणीत काम मिळालं. पाडवा झाला की सगळं घर हलवणार, द्वारकालाही नेणार. मी हात धुतले आणि जिनाच्या फाटकावर गेले. भाऊ गाडीच्या सावलीत भाकरी खात होता.

"आमी तरी कुठवर थांबावं बाई?" तो म्हणाला. "दाजी मोटार करत्यात म्हनं. दोन साल झाली. आमचं घर तर आता हितून उठतंय." मग भाकरीचा तुकडा हातात धरून त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली.

पहिली गोष्ट मी घरी आल्या आल्या भिंतीवरून भावजींना सांगितली. दुसरी भिंतीवरून सांगण्यासारखी नव्हती, ती ठेवून दिली. भावजी म्हणाले, "नट राहिलाय ना वहिनी. येत्या गुरुवारी पाना बघतो."

मी आत गेले आणि यांच्या पेटीतला विलायती पाना काढला. फिरकीचा, जबडा लहानमोठा होणारा. हे म्हणाले, कुठं नेतेस? म्हटलं, शेजारी. हे हात धुवायचे थांबले. म्हणाले, त्यांना सांग, खिळ्याला अडकवायचा नाही.

तासाभरानं भावजी पाना परत घेऊन आले. फडक्यानं स्वच्छ पुसलेला.

"चांगला आहे," म्हणाले. "पण बसत नाही."

फिरकीचा पाना नटाला बसत नाही म्हणजे पाणी ओलं नाही म्हणण्यासारखं. मी पाना घेतला, पदर खोचला आणि त्यांच्या छपरात गेले. भावजी मागून, वहिनी, कपड्यांना तेल लागेल, म्हणत आले.

मी चाकापाशी बसले आणि आधी नट पाहिला. हलका पाना नटाचं काय करतो ते मी यांच्या कामात पुष्कळ पाहिलंय. तो घसरतो, आणि दर खेपेला नटाचे कोपरे खातो. इतके महिने जपानी पान्यांशी झुंजलेला नट सुपारीसारखा गोल झालेला असायला हवा. या नटाचे सगळे कोपरे धारदार होते. वर तेलाचा ताजा हात. मी पाना लावला आणि अंगाचा जोर घालायला गेले, तर तोंडावरच पडणार होते. नट बरणीच्या झाकणासारखा फिरला.

मागं वळून पाहिलं. भावजी खोक्यावर बसले होते.

"भावजी, याला शेवटचा पाना कधी लावला होता?"

"दिवाळीत."

"मग?"

"निघाला तेव्हाच. परत बसवला."

मी नट पदराला पुसला. भावजींनी चष्मा काढला. सुतळी काजात अडकलेली होती, म्हणून तो छातीवर लोंबत राहिला.

"मोटारीचं ती सगळ्यांसमोर बोलली वहिनी. त्याच्या आधी वेरुळाच्या रस्त्यावर बोलली ते निराळं होतं. मी म्हणालो, फिलहाल दगड लावतो, चाक बसंल. तर ती म्हणाली, तुमच्या घरात फिलहाल नाही अशी एक तरी चीज हाय का? एवढंच. रागानं बी नाही बोलली. मला काय जवाब द्यायचा ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं. तशी एक होती घरात, पण तोवर ती निघून गेली होती."

"मग जाऊन सांगायचं."

"सांगितलं, आणि ती नाय म्हणाली तर? मोटार बी नेली, जवाब बी दिला, आता पुढं काय करायचं राहिलं? नट हाय तोवर मी निघायच्या तयारीत तरी हाय."

मी आयुष्यात पुष्कळ कंजूष माणसं पाहिली. भावजींना मी त्यांच्यातच धरलं होतं. पण त्या खोक्यावर बसलेला माणूस पैसे वाचवत नव्हता. गुरुवारी आणलेला पाना शुक्रवारी दुसऱ्याच कुठल्या लोखंडावर मोडला की पुढचा आठवडा त्याच्या पदरात पडत होता, आणि त्या आठवड्यात द्वारका नाही म्हणालेली नव्हती.

मग मी ती दुसरी गोष्ट सांगितली.

"तुमचा मेहुणा काय म्हणाला ऐका. म्हणाला, आक्का बोलत काय नाय. पण वेशीकडनं पाशिंजरं नेणारी सर्व्हिसची मोटार यायला लागली की भांडी घासता घासता तिचा हात थांबतो. मोटार पुढं निघून गेली की मग परत राखेत हात घालते."

भावजींनी बराच वेळ चष्म्याच्या सुतळीशी चाळा केला.

"दर वेळी?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी भांडी घासायला गेले नव्हते तिथं."

ते उठले. जुनं चाक उतरवलं, नवं चढवलं. मी एकेक नट हातात देत गेले. शेवटचा आवळून झाल्यावर त्यांनी आशेनं इकडंतिकडं पाहिलं. म्हणाले, हवा कमी वाटते. मी चाकावर लाथ मारून दाखवली. म्हणाले, मुहूर्त? म्हटलं, शनिवार चांगला. म्हणाले, कचेरी? म्हटलं, रजेची चिठ्ठी लिहून ठेवा, हे जाताना देतील. मग त्यांच्याजवळ काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा डबा भरला, दाराला कडी घातली आणि मोटारीत जाऊन बसले. पुढच्या बाकावर धुतलेली चादर अंथरली होती, म्हणून मागं बसले. भावजी धुवट कोट घालून बाहेर आले आणि मला बघून थबकले. मी म्हटलं, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं कधीचं राहिलंय, मला वेरूळला सोडा, पुढचं तुम्ही बघा.

घाटात इंजिन दोनदा गुदमरलं, पण चढलं. चाक जागेवर होतं. वाटभर भावजींचे नुसते ओठ हलत होते, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे. वेरूळ आलं. देवळाकडं वळायच्या वाटेला त्यांनी गाडी हळू केली आणि मागं पाहिलं.

मी बसल्या जागेवरूनच हात जोडले आणि म्हटलं, "चला पुढं."