सात सेकंदांचे ग्राहक

धंद्यातलं वारं ओळखायला नाक लागतं, आणि ते मला आहे. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या माणसाने नाकाबद्दल बोललेलं तुम्ही मान्य कराल. आमच्या रस्त्यावर शिंपी आहे, घड्याळजी आहे, चपलांचं दुकान आहे. पण दुकानाचं स्वतःचं ॲप काढणारा पहिला माणूस मी. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. अर्थात कुणी केलं तर अडवणार नाही.

कल्पना डोक्यात भरवली ती एका ॲपवाल्याने. चष्मा करायला आला आणि दोन तास बसला. म्हणाला, "लोक रस्त्याने चालताना दुकानांकडे बघत नाहीत, हातातल्या मोबाईलकडे बघतात. कुठलं ॲप किती वाजता, किती वेळा उघडतात, त्याचे कल समजले की गिऱ्हाईक समजलं." मी बाहेर बघितलं. समोरून सहा माणसं गेली, त्यातल्या पाचांच्या माना खाली. सहावा झाडावरच्या पतंगाकडे बघत होता, त्याला सोडून द्या. मला पटलं.

अडचण एकच होती, ताई. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडिलांच्या मागे दुकान आम्ही दोघांनी चालवलं. मी काचा बघायचो, ती माणसं बघायची. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला फोन करणं हे तिचं काम, आणि एक फोन म्हणजे निदान दहा मिनिटं. "काका, चष्मा झालाय, या घेऊन," हे शेवटचं वाक्य. त्याआधी गुडघा, नातवाची शाळा आणि गच्चीतली गळती. मला ते बघून चिडचिड व्हायची. ॲपवाला म्हणाला की तेच काम आता एका निरोपात होईल, तेही आपोआप.

मी ताईला म्हटलं, "ताई, खूप केलंस. आता जरा आराम कर."

"म्हणजे उद्यापासून येऊ नको?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी एक काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती, पण मी पुसत राहिलो. ताईने पदर खोचला, पिशवी उचलली आणि काही न बोलता गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडणात मी कधी जिंकलो नाही, पण निदान भांडलो तरी असतो.

ॲप झालं ते मात्र देखणं. मी सांगितलं होतं, महागड्या दुकानासारखं दिसलं पाहिजे. पांढऱ्या रंगावर फिकट राखाडी, बारीक, नाजूक अक्षरं. मी ते दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर, माझा चष्मा लावून, अगदी बारकाईने तपासलं आणि पसंत केलं. आत दोन बटणं. वरचं 'माझा चष्मा कुठवर आला', खालचं 'असाच आणखी एक बनवा'. सगळ्यात शेवटी दुकानाची माहिती. दुकानाच्या फोनवर माझ्याच आवाजात निरोप ठेवला, "सर्व माहितीसाठी कृपया आमचं ॲप पाहा." गिऱ्हाईक आलं की त्याच्या मोबाईलवर ॲप मी स्वतः घालून द्यायचो, मग त्याचा चष्मा दुरुस्तीला ठेवून घ्यायचो आणि बजावायचो, झाला की ॲपवर कळेल, तोवर चक्कर मारू नका.

पहिल्याच आठवड्यात आलेख असा चढला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ॲपवाल्याने कॉम्प्युटरवर सगळं दिसेल अशी सोय करून दिली होती. कोण दिवसातून किती वेळा ॲप उघडतं, किती वाजता, किती वेळ. नावं नव्हती, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे होते. एकेक जण दिवसातून दहा-अकरा वेळा ॲप उघडत होता! सगळ्यात जास्त सकाळी दहा ते अकरा. मी बायकोला दुकानात बोलावून दाखवलं.

ती आलेख बघून म्हणाली, "अहो, पण दुकानात माणूस नाही एकही."

"गिऱ्हाईक आता दुकानात येत नाही. ते ॲपमध्ये येतं."

"आणि चष्मा? तो कसा घेतं?"

बायकांना तंत्रज्ञान समजावणं अवघड असतं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. आज म्हणणार नाही.

तयार चष्म्यांच्या डब्या ठेवायचा खण भरला. मग दुसरा भरला. मला वाटलं, लोक कामात असतील, विसरले असतील. मी ॲपवाल्याला सांगून रोज तीन आठवणी पाठवायला लावल्या. तर ॲप उघडणं दुप्पट झालं, आणि वर मागण्या यायला लागल्या, त्या मात्र नावानिशी. 'असाच आणखी एक बनवा.' एकाने एक, दुसऱ्याने दोन, शिंप्याने चार! मी काचा घासायला पाठवल्या, फ्रेमी मागवल्या. चष्मा घ्यायला न येताच लोक दुसरा मागवताहेत, एवढा विश्वास कुठल्या दुकानदाराच्या नशिबी येतो?

तिसऱ्या आठवड्यात समोरचा शिंपी आला. हातात एक जाकीट, आणि चेहरा असा की मी आपोआप उभा राहिलो. त्याने जाकीट माझ्यापुढे धरलं. काजं डावीकडे होती आणि बटणंही डावीकडेच.

"अहो चष्मेवाले, माझा चष्मा देताय की धंदा बंद करू? गिऱ्हाईक माझ्या अंगावर जाकीट टाकून गेलं."

"तुमचा चष्मा? तो तर केव्हाच तयार आहे. शिवाय वरचे चारही होत आले."

"चार कसले?"

"तुम्हीच मागवलेत की, ॲपवरून."

"मला नाक एकच आहे हो." त्याने मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "हे तुमचं ॲप. दिवसभर टुणटुण करतं. मी उघडतो, बघतो, काही दिसत नाही, कुठेतरी दाबतो, बंद करतो. घ्या, तुम्हीच वाचा. चष्मा काढून वाचा."

मी चष्मा काढला. पडदा पांढरा. त्यावर कुठेतरी धूर आल्यासारखं वाटलं, तेवढंच.

"अहो, हे वाचता आलं असतं तर चष्मा तुमच्याकडे कशाला टाकला असता?" शिंपी म्हणाला, आणि आवाज न चढवता म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

त्रेचाळीस माणसांचे डोळे मी खणात कुलूपबंद करून ठेवले होते, आणि ते घेऊन जा असा निरोप त्यांना अशा अक्षरात पाठवत होतो की तो वाचायला तेच डोळे लागावेत. आणि ती माणसं दहा-दहा वेळा डोळे ताणून बघताहेत, याला मी आवड समजत होतो.

शिंप्याला चष्मा दिला, जाकीट उसवून पुन्हा शिवायचे पैसे माझ्याकडून, असं म्हणालो आणि दुकानाचं शटर ओढून ताईकडे गेलो. वाटेत बोलायची वाक्यं जुळवली होती. दार उघडल्यावर एकही आठवलं नाही.

"ताई, माझं चुकलं," मी म्हटलं. "तू नाहीस तर दुकानात कुणी नाही. मीही नसल्यासारखाच आहे."

"चहा घेणार का?"

"नको. तू चल."

तिने पिशवी उचलली. रस्त्यात मी तिच्या एक पाऊल मागे चालत होतो, लहानपणी चालायचो तसा.

दुकानात येऊन तिने आपल्या टेबलाचा खण उघडला, आतला स्वतःचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि आलेखासमोर बसली. मला वाटलं, नावं ठेवेल. पण ती एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली.

"हे सात सेकंद काय आहे?"

"तेवढा वेळ ॲप उघडं राहतं."

"म्हणजे माणूस दहा वेळा दार वाजवतो आणि सात सेकंदांत परत जातो. त्याला तू आवड म्हणालास?" मी मान खाली घातली. "आणि सकाळी दहाला गर्दी, कारण तेव्हा सगळं आवरून हातात पेपर येतो. वाचता येत नाही, मग चष्म्याची आठवण होते. अरे, हे तुझं कोष्टक चांगलं आहे की. कोण जास्त अडलंय ते सरळ दिसतंय. ज्याने जास्त वेळा उघडलं त्याला आधी फोन, पूर्ण नंबर वहीत आहेतच."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ॲपवाल्याचंही काही चुकलं नव्हतं. लोक मोबाईलमध्येच राहतात, किती वाजता राहतात तेही त्याने बरोबर दाखवलं. फक्त तिथे कोण, कशाला येऊन बसलंय हे विचारायला माणूस लागतो, आणि तो मी घरी पाठवला होता.

ताईने फोन ओढला. "सगळ्यात वर कोण आहे ते सांग. त्याला आधी बोलावू."

मी बघितलं. "बाप रे. हा कुणीतरी दिवसाला एकसष्ट वेळा उघडतोय. रोज. शेवटचे आकडे सात, शून्य, शून्य, तीन."

ताईने फोनचा रिसीव्हर परत खाली ठेवला.

"बिचाऱ्याचं फारच अडलेलं दिसतंय," मी म्हटलं. "लाव ना फोन."

"तो नंबर माझा आहे," ती म्हणाली.

सख्ख्या बहिणीचा नंबर. मोबाईलमध्ये नुसतं 'ताई' म्हणून ठेवलेला, म्हणून आकडे मला कधी पाठच झाले नाहीत.

"तू कशाला उघडत होतीस? एकसष्ट वेळा?"

ती चष्म्याची काडी उगाच सारखी करत राहिली. "त्यात शेवटी दुकानाची माहिती आहे ना. वडिलांनी सुरू केलं, कोण चालवतं वगैरे. तिथे माझं नाव ठेवलंयस की काढलंस, ते बघत होते."

"मग? दिसलं?"

"कसं दिसणार? माझा चष्मा इथे खणात राहिला होता. मागायला यायचं नाही असं ठरवलं होतं मी." तिने डोळे पुसले आणि रिसीव्हर पुन्हा उचलला. "ठेवलंयस ना रे?"

"म्हणजे काय ताई," मी म्हटलं.

ती पुढचा नंबर फिरवू लागली आणि मी मागच्या गल्लीत जाऊन ॲपवाल्याला फोन लावला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता दोन कामं करायची आहेत. दुकानाच्या माहितीत ताईचं नाव घाल, माझ्या वर. आणि सगळी अक्षरं मोठी कर. पण याच क्रमाने.