आबासाहेबांचा उद्घाटनाचा चेंडू

मुलांनो, नीट बसा. खाऊचे डबे नंतर उघडा.

एका जंगलात क्रिकेटचा एक संघ होता. जंगलाचं नाव पळसबन, म्हणून संघाचं नावही पळसबन क्रिकेट संघ. आदल्या हंगामात हा संघ झाडून सगळे सामने हरला होता. हरण्याचं त्यांना काही वाटत नसे. पण हरल्यावर एकमेकांशी भांडायला आता नवं कारण उरलं नव्हतं. म्हणून या हंगामात एकदा जिंकून बघावं, असं त्यांनी ठरवलं.

कर्णधार होता नारबा सांबर. शिंगं मोठी, आवाज मोठा. कर्णधार निवडताना लोक एवढंच बघतात.

सगुणा भेकरी याच संघात होती. भेकर म्हणजे ते लहानखुरं हरीण. वाघ दिसला की ते भुंकून सगळ्यांना सावध करतं. भेकरानं भुंकावं, चेंडू टाकण्याच्या भानगडीत पडू नये, असं संघातल्या जाणत्यांचं मत होतं. त्यामुळे गेला अख्खा हंगाम सगुणानं सीमारेषेबाहेर उभं राहून पाणी वाटलं. पण पावसाळा सरल्यापासून ती रोज सकाळी ओढ्याकाठी जाऊ लागली. वाळूत तीन काटक्या रोवायच्या आणि त्यांवर चेंडू टाकायचा. सुरुवातीला काटक्या सोडून बाकी सगळ्या जंगलाला तिचा चेंडू लागला. मग हळूहळू काटक्याच पडू लागल्या.

ते बघून नारबानं कुरकुरत का होईना, हंगामाच्या पहिल्या सामन्यातलं पहिलं षटक तिला दिलं. त्या दिवशी सगुणाला चारासुद्धा सुचला नाही.

सामना नदीपलीकडच्या रानडुकरांशी होता. सामना म्हटला की उद्घाटन आलं आणि उद्घाटन म्हटलं की आबासाहेब आले. आबासाहेब वाघ होते. त्यांना क्रिकेट येत नव्हतं, त्यामुळे ते जंगलाच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. खेळता येणाऱ्याला अध्यक्ष व्हायला सवड कुठून मिळणार?

उद्घाटनाची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पाहुण्यांनी बॅट धरून उभं राहायचं. गोलंदाजानं एक हळुवार चेंडू टाकायचा. पाहुण्यांनी तो कुठेतरी ढकलायचा, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा. मग पाहुणे खुर्चीत बसतात आणि खेळ सुरू होतो.

नारबानं सगुणाला बाजूला घेऊन हे सगळं समजावलं. चेंडू अगदी सावकाश टाक, बॅटच्या जवळ टाक, बाकीचं ते बघतील, असं सांगितलं. आबासाहेब घरून जेवून आलेत, हेही त्यानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते बहुधा स्वतःसाठी होतं.

आबासाहेब उशिरा आले. हार झाले, नारळ फुटला, भाषण झालं. ऊन वर चढलं. मग आबासाहेबांनी बॅट मागवली, ती उलटी धरली, कुणीतरी ती सुलटी करून दिली, आणि ते फोटोवाल्याकडे तोंड करून उभे राहिले.

सगुणानं चेंडू टाकला. इतका हळू टाकला की वाटेत एखादा बगळा त्यावर बसून उतरला असता. आबासाहेबांनी फोटोवाल्याकडे बघत जोरात बॅट फिरवली. चेंडू तिच्याखालून संथपणे गेला आणि मधल्या स्टंपला टेकला. वरची बेल खाली पडली.



पंच होता दिगंबर घुबड. चेहरा गंभीर असल्यामुळे त्याला पंच केलं होतं. दिवसा तो झोपत असे. शांतता पसरली तशी तो दचकून जागा झाला. काय झालं ते त्याला कळलं नाही, पण समोर वाघ आहे एवढं वासावरून कळलं. त्यानं नो बॉल दिला.

आबासाहेब म्हणाले की आणखी एक खेळू. फोटो नीट आला नसेल.

दुसऱ्या चेंडूलाही बेल पडली. दिगंबरनं सांगितलं की समोरच्या झाडावर मोर हलला, हा चेंडू धरायचा नाही. तिसऱ्या वेळी मोर गेला होता. तेव्हा ऊन आबासाहेबांच्या डोळ्यांत होतं. सगुणा रडवेली झाली होती. ती मुद्दाम करत नव्हती. दोन महिने तिनं हाताला एकच गोष्ट शिकवली होती आणि हात आता दुसरं काही ऐकत नव्हता.

ती दिगंबरजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "पंचकाका, ते आऊट होते ना?"

"मला दिवसा दिसत नाही, पोरी."

"मग तुम्ही पंच कसे?"

"म्हणून तर," दिगंबर म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

नारबानं तिच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि स्वतः टाकू लागला. आता चेंडू स्टंपला लागेना. बॅटलाही लागेना. शेवटी नारबानं नेम धरून बॅटवरच चेंडू मारला. चेंडू उडाला आणि थेट रानडुकरांच्या कर्णधाराकडे गेला. त्याचं नाव मारत्या. त्याचा संघ खरं तर फलंदाजीसाठी आला होता, पण आबासाहेब खेळताहेत म्हटल्यावर तोही क्षेत्ररक्षणाला उभा राहिला होता. मारत्या जन्मापासून झेल घेत आलेला. त्यानं सवयीनं झेल घेतला.

घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं चेंडू असा खाली टाकला, जणू तापलेला निखारा. मग तो पुन्हा उचलला, धावत सीमारेषेपर्यंत गेला आणि पलीकडे अलगद ठेवून आला.

माइकवर वसंता कोल्हा होता. त्यानं चौकार जाहीर केला. असा फटका या जंगलानं पूर्वी पाहिला नव्हता, असंही तो म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

आबासाहेबांना गोडी लागली. ते दिवसभर खेळले. दोन्ही संघ क्षेत्ररक्षण करत होते. दुपार टळली तशी नारबाला काळजी वाटू लागली की आबासाहेबांचं सकाळचं जेवण कितपत पुरेल. मग सगळेच जिवाच्या आकांतानं चेंडू सीमापार वाहून नेऊ लागले. सगुणा पुन्हा पाणी वाटत होती.

दिवस कलल्यावर आबासाहेब कंटाळले. सामना संपला. कोण जिंकलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सामनावीर कोण, हे विचारायची गरज नव्हती.

बक्षीस घेताना आबासाहेबांनी खेळाडूंना चार शब्द सांगितले. मग त्यांनी सगुणाला पुढे बोलावलं. ती पाण्याचं भांडं घेऊनच आली.

"मुलीच्या अंगात गुण आहेत," आबासाहेब म्हणाले. "फक्त दिशा चुकते. सारखी स्टंपवर टाकते."

सगळे हसले. नारबा सर्वांत जास्त हसला. सगुणाकडे आपण जातीनं लक्ष देऊ, असा शब्द त्यानं दिला.

आणि त्यानं तो पाळला. रोज सकाळी तो सगुणाला मैदानावर नेई, खरे स्टंप रोवी आणि त्यांना टाळून बाजूनं चेंडू टाकायला लावी. काही दिवस ती चुकली. चुकली की नारबा ओरडे, आपल्या सगळ्यांना मारशील म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिला उलट बोलता येईना. एके दिवशी ओढ्याकाठच्या काटक्या तिनं स्वतःच उपटून पाण्यात सोडून दिल्या.

रानडुकरांशीच ठरलेल्या पुढच्या सामन्याला आबासाहेब आले तेव्हा तिनं चेंडू असा टाकला की तो बॅटवर आपोआप जाऊन आपटला आणि मारत्याच्या दिशेला गेला. मारत्या तयारच होता. त्याच संध्याकाळी सगुणाला उपकर्णधार केलं. ज्यांनी तिला वर्षभर पाणी वाटायला लावलं होतं, त्यांनीच तिला हार घातला.

आज पळसबन संघाला उद्घाटनांसाठी लांबलांबच्या जंगलांतून बोलावणी येतात. कुठे बिबट्या असतो, कुठे मगर. संघ जातो, एक चेंडू टाकतो, टाळ्या घेतो आणि परत येतो. मधे एकदा सशांच्या संघाविरुद्ध खरा सामना खेळायची वेळ आली होती. समोरच्या सशाचे स्टंप उघडे होते. सगुणानं जीव लावून चेंडू टाकला. तो स्टंपपासून वीतभर दूर गेला. दुसरा टाकला, तोही गेला. ती बराच वेळ आपल्या हाताकडे बघत उभी राहिली. मग तिनं हसून सशाला अभिवादन केलं, कारण आता तिला तेवढंच येत होतं.

तात्पर्य, म्हणजे मोठेपणी उपयोगी पडेल ते: मुलांनो, सराव जरूर करा, पण आधी समोर कोण उभं राहणार आहे ते विचारून घ्या. स्टंप सशासाठी असतात. वाघाच्या मागे तीन काठ्या नुसत्या शोभेला उभ्या करतात, आणि हे ज्याला लवकर कळतं त्यालाच खेळातलं कळतं, असं म्हणायची पद्धत आहे. आता डबे उघडा.