सातबाभळीचा नळ बोलता जाहला, त्याची हकीकत

श्री वाग्देवीचे चरणी मस्तक आणि श्रोतेजनांचे पदरी हा कागद ठेवून लिहितो ऐसे जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात महानगारखाना म्हणोन एक थोर चॅनल होते. राज्याचे नाव लिहीत नाही. वाचणारास ते आपलेच वाटले तर आमचा इलाज नाही. चॅनलाचा अंमल आठही प्रहर. सकाळी नगारा, दुपारी नगारा, आणि सायंकाळी तर सात सरदार सात चौकटींत बसोन एकदम बोलत आणि कोण काय बोलिला हे सातांपैकी एकासही ठाऊक नसे. पडद्याखाली तांबडी पट्टी धावे, आणि मांजर झाडावर चढोन बसले तरी तीवर 'सर्वात मोठी बातमी' ऐसे लिहीत. मुख्य संपादक श्रीनिवासराव. गृहस्थ गोड, कोणास नाही म्हणोन म्हणत नसत, फक्त 'बघू' म्हणत, आणि त्यांचे 'बघू' म्हणजे काय हे अवघा दरबार जाणे. त्यांचे पदरी मंदाकिनीबाई टेकाळे वार्ताहर, चाकरी अठरा वर्षांची, आवाज खणखणीत. बाईंनी एक गोष्ट सांगितली म्हणजे लोक ती खरी धरीत. बाईंची जहागीर ती हीच, दुसरी नव्हती.

चैत्र शुद्ध तृतीयेस पाणीखात्याचे अमात्य मौजे सातबाभळीस नळयोजना सुरू करावयास स्वारीनिशी निघाले आणि नगारखान्याने बाईंस सोबत रवाना केले, आणि आवाज टिपावयास दस्तगीरभाई दिले. हे दस्तगीरभाई एकतीस वर्षे मुरलेले ध्वनिमुद्रक, हेडफोन कानी चढविला म्हणजे मग दुनियेस ओळख देत नसत. मग मांडव जाहला, हार जाहले, भाषणे जाहली, आणि अमात्यांनी कौसाबाई नामे एका वृद्धेच्या दारचा नळ आपले हस्ते फिरविला आणि पाणी धो धो आले आणि टाळ्यांचा गजर उठला. इतक्यात दस्तगीरभाई बाईंच्या कानाशी लागोन म्हणाले, "बाई, शाळंच्या मागं पंप चालूय. डिझेलचा. टाळ्यांच्या खालनं येतोय आवाज." बाई पदर सारखा करीत होत्या. त्या म्हणाल्या, "दस्तगीरभाई, दोन मिनिटांत लाइव्ह आहे. नंतर बघू." आता 'बघू' हा शब्द बाईंच्या तोंडी पूर्वी कधी आला नव्हता, पण अठरा वर्षांच्या संगतीचा गुण. मग बाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहोन बोलिल्या की सातबाभळीच्या घराघरात आजपासोन रोज पाणी, आणि ते अवघ्या राज्याने ऐकिले.

आठ दिवस लोटले आणि कौसाबाईंचा फोन आला. "बाई, तुम्ही टीव्हीत सांगितलं पाणी आलं म्हणून. त्या दिवशीचं टँकरचं पाणी होतं, शाळंमागनं पंपानं सोडलेलं. टँकर गेला की नळ बंद. आन् आता आमचा नेहमीचा टँकरबी बंद केला. आम्ही कचेरीत गेलो तर साहेब म्हणं, पाणी आलेलं आम्ही टीव्हीवर बघितलंय. मग आता आम्ही टीव्ही प्यावा का काय?" चारशे घरांचे पाणी अमात्यांनी तोडिले नव्हते की साहेबांनी तोडिले नव्हते, ते आपल्या एका वाक्याने तुटले, हे बाईंस स्वच्छ दिसले. मग त्या तडक श्रीनिवासरावांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मजला दोन मिनिटे द्या, मी चुकले ऐसे मीच सांगते. श्रीनिवासराव म्हणाले, "बघू." बाई म्हणाल्या, "कधी?" तेव्हा रावांनी बसावयास खुर्ची दिली, चहा मागविला आणि समजूत काढिली जे, "मंदाताई, आपणच आपलं खंडन केलं तर चॅनलची पत काय राहील? आणि लोक आठ दिवसांत विसरतात." बाई म्हणाल्या, "लोक विसरतील हो. तहान कशी विसरायची?" रावांनी फार थोर मनाने बारा सेकंद देऊ केले, तेही एका अभिनेत्याच्या साखरपुड्यानंतर, आणि सायंकाळी साखरपुडा लांबला आणि ते बाराही गेले. मग बाईंनी गळ्यातील ओळखपत्राची दोरी काढोन मेजावर ठेविली आणि बोलिल्या, "हे तुमचं. आवाज माझा होता, तो घेऊन चालले." जिन्यात पोहोचतात तो मागोन दस्तगीरभाई आपली पिशवी घेऊन येत होते. म्हणाले, "पंप मी ऐकलेला. मी हितं राहून काय करू?"

मग दोघांनी पॉडकास्ट मांडिला. नाव ठेविले 'कान देऊन'. राजधानीत काचेचे मोठमोठे स्टुडिओ असतात. येथे बाईंच्या दोन खोल्या आणि रस्त्यावर रिक्षांचा कल्लोळ. तेव्हा दस्तगीरभाईंनी लोखंडी कपाट उघडिले, आतील साड्या पुढे ओढिल्या, दोन्ही दारांवर गोधड्या टाकिल्या आणि बाईंस स्टुलावर बसवोन त्यांचे मस्तक साड्यांचे मध्यात घातले. नगारखान्यात वार्ता गेली की टेकाळेबाई कपाटात गेल्या, आणि सात चौकटींतील सात सरदार पोट धरोन हसले. आणि बाईंनी डांबरगोळ्यांचे वासात पहिला भाग बोलिला: "मी मंदाकिनी टेकाळे. सातबाभळीत पाणी आलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ठरवून नाही सांगितलं, घाईत सांगितलं, पण खोटंच." ऐसे बोलावयास छाती लागते, हे आम्ही येथे मुद्दाम लिहोन ठेवितो. ऐकणारे जमले एकोणीस. त्यात सात बाईंचे नातलग आणि दोन स्वतः दस्तगीरभाई, दोन मोबाइलांवरोन. मग दुसरा भाग जाहला आणि तिसरा जाहला, आणि कचेरीतील साहेब म्हणाले, टीव्हीवर पाणी दिसले, तुमच्या त्या पॉडकास्टात तर काहीच दिसत नाही. आणि दर आठवड्यास कौसाबाईंचा फोन येई, "आमचं काय झालं?" त्या दिवशी बाईंस अन्न गोड लागत नसे.

ऐसे करिता वैशाख शुद्ध नवमीस दोघे पहाटेच्या एसटीने सातबाभळीस गेले. नळास पाणी येण्याची सरकारी वेळ सकाळी साडेसहा. त्या वेळेस कौसाबाईंच्या नळाच्या तोंडाशी माइक ठेविला आणि यंत्र चालू केले. नळ खोकला, मग फुसफुसला, मग आतोन लांब सुस्कारा आला, आणि बायका हंडे घेऊन बोलत बसल्या, आणि कोणी म्हणाली येईल आता, आणि कोणी म्हणाली काल पण असाच वाजत होता, आणि मग बोलणेही सरले आणि नुसती हवा राहिली. ऐसी एकेचाळीस मिनिटे. दस्तगीरभाईंनी दुपारी बसोन त्यातील नऊ मिनिटे वेचिली, सुस्कारे छाटिले, शेवटी सनईचा तुकडा जोडिला. आता या धंद्यातील लोकांची एक रीत आहे. फाइल तयार जाहली की तीस 'फायनल' म्हणावे, मग काही सुचले की 'नवी फायनल', मग 'खरी फायनल', आणि मग 'खरीखुरी फायनल'. बाईंनी 'खरी फायनल' राज्यात सोडिली आणि दोघे परतीच्या एसटीत बसले, जेथे मोबाइलास रेंज नाही. नऊ मिनिटे होती ती 'खरीखुरी'मध्ये. राज्यात गेली ती एकेचाळीस मिनिटांची, न कापलेली, न धुतलेली, जशी होती तशी.

स्थानकावर उतरता मोबाइल थरथरू लागला. दस्तगीरभाईंनी दोन मिनिटे ऐकिले आणि मटकन बाकावर बसले. म्हणाले, "बाई, एकतीस वर्षांत मी कुणाचा खोकला ठेवला नाही. आन् आज पूर्ण नळाचा ठेवला. काढा ते, काढा." बाई काढावयास गेल्या तो श्रोत्यांचा आकडा एकोणिसांवरोन चाळीस हजारांवर गेलेला. आणि खाली लिहिलेले की, हा तर आमचा नळ, आमच्या गल्लीत तुम्ही कधी आला होता? दुसरे लिहिते की, मी स्वयंपाक करताना लावलं, भाजी करपली, पण बंद करवेना, वाटलं आता येईल पाणी. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी करोन लोक थांबले. जो ऐकावयास बसला तो पाण्याची वाट पाहता एकेचाळिसाव्या मिनिटापर्यंत बसला, आणि पाणी आले नाही तेव्हा त्यास सातबाभळी म्हणजे काय ते कळले. बाईंनी मोबाइल पिशवीत ठेविला आणि म्हणाल्या, "दस्तगीरभाई, राहू द्या. यापुढे कापायचंच नाही."

मग गावोगावचे लोक आपापले नळ टिपोन पाठवू लागले. चार दिवसांत तीनशे बारा नळ आले आणि बाईंनी तितकेही कपाटातोन राज्यास ऐकविले. अमात्य कोपले आणि नगारखान्यावर येऊन म्हणाले, हे आवाज बनावट आहेत, आम्ही पाणी सोडिले ते तुम्हीच दाखविले होते. हे ऐकोन दस्तगीरभाई प्रथमच हसले. त्यांनी नगारखान्याचे ते जुने लाइव्ह, जे अवघ्या राज्याने पाहिले होते, तेच घेतले आणि त्यातील टाळ्या एकेक करोन बाजूस सारिल्या, अमात्यांचे भाषण बाजूस सारिले, आणि खाली उरला डिझेलचा पंप, धडधड धडधड करीत. तो पंप राज्याने घरोघरी ऐकिला. पाचवे दिवशी टँकर पूर्ववत जाहले, आणि चौकशीत निघाले की नळाची वाहिनी गावाअलीकडे दीड कोसावरच संपली आहे. साहेब स्वतः उन्हात उभे राहोन खणावयास लावू लागले. श्रीनिवासरावांनी बाईंस निरोप धाडिला जे, परत या, रात्री नऊचा मानाचा तास तुमचा. बाईंनी उत्तर लिहिले एकच शब्द: बघू.

अठरा दिवसांत वाहिनी जोडिली आणि ज्येष्ठ शुद्ध तृतीयेस साडेसहास पाणी येणार ऐसे ठरले. महानगारखान्याचे सात कॅमेरे आले आणि नळासमोर जागेसाठी एकमेकांस कोपर मारू लागले. कौसाबाई कमरेवर हात ठेवोन उभ्या. म्हणाल्या, "आधी आमची बाई. तुम्ही सगळे मागं व्हा." आणि कॅमेरे मागे जाहले. मग मंदाकिनीबाईंकडे वळोन म्हणाल्या, "आन् तू पण आत्ता बोलू नको. मागच्या टायमाला तू आधी बोलली न् पाणी टँकरचं निघालं." बाईंनी मान खाली घातली आणि माइक नळाशी धरिला. नळ खोकला. मग फुसफुसला. आणि मग आतोन गडगड आली आणि पाणी हंड्याच्या तळावर पडले, आधी पोकळ, मग भरीव, मग काठोकाठ, आणि अवघी गल्ली उगी राहोन ते ऐकत होती. दस्तगीरभाईंनी आपले कानीचा हेडफोन, जो त्यांनी कोणास कधी दिला नव्हता, काढोन कौसाबाईंचे कानी चढविला. कौसाबाईंनी डोळे मिटोन ऐकिले.

"पंप नाही ना कुठं?"

"नाही, मावशी. नुसतं पाणी हाय."

"मग सांग बाई आता," कौसाबाई म्हणाल्या. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "सातबाभळीच्या कौसाबाईंच्या नळाला आज पाणी आलं. उद्याचं उद्या ऐकून सांगेन."

येणेप्रमाणे मंदाकिनीबाईंनी नगारखाना सोडिला, आपले वाक्य परत घेतले आणि खरे करोन पुन्हा दिले. जहागीर बहाल जाहली. लिहिणाराने ती एकेचाळीस मिनिटे तीन वेळा ऐकिली आहेत, आणि शेवट ठाऊक असोनही तिन्ही वेळा पाणी येईल म्हणोन थांबला आहे. कागद येथे पुरा केला.